स्वखुशीचा केक

नॉर्डेल, मिशिगन
१२ एप्रिल २०२१

आर्ला,

'प्रिय' लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मुद्दामच नाही लिहिलं. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला तिकीट लावून पत्र पाठवायची वेळ आली, त्यात आणखी प्रेमाचं नाटक कशाला? फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी बोलले नसते. म्हणून पत्र.

कामाचं बोलते. डर्कच्या छातीतलं यंत्र वाजायला लागलं आहे.

यंत्र तुला माहीत आहे. सात वर्षांपूर्वी तो कारखान्यात करवतीशेजारी कोसळला, तेव्हा इस्पितळाच्या बाकावर माझ्याबरोबर तूच बसली होतीस. हृदयाचा ठोका बिघडला की आतून झटका देऊन ते त्याला परत आणतं. त्याची बॅटरी संपत आली की ते रोज ठरल्या वेळी वाजतं म्हणे. आमचं सकाळी आठला वाजतं. त्या वेळी आमची न्याहारी आटोपून बायबलवाचन चाललेलं असतं. डर्क वाचतो, मी ऐकते, आणि मधेच त्याच्या शर्टातून टीं-टीं-टीं. पहिल्या दिवशी मी उठून ओव्हन बघायला गेले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, साधारण तीन महिने मिळतात, तेवढ्यात बदलून घ्या, छोटीशी शस्त्रक्रिया आहे. मग इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, विमा कुठला?

विमा कुठलाच नाही, आर्ला. नोकरी गेली तरी पूर्ण हप्ता स्वतः भरून कंपनीचा विमा चालू ठेवता येतो, हे कारखान्याच्या ऑफिसात तूच टाइप केलेल्या कागदावर होतं. आम्ही नाताळपर्यंत भरला. पुढे घर की विमा असा प्रश्न आला आणि आम्ही घर धरलं. डर्क आता बियाण्यांच्या दुकानात अर्धा दिवस गल्ल्यावर बसतो. ते लोक विमा देत नाहीत. बाहेरचा स्वस्तातला विमा पाहिला, तर तो नेमका त्या इस्पितळात चालत नाही.

आता नीट ऐक. नवा कायदा झाला आहे. ज्यांना कामावरून काढलं त्यांचा हा हप्ता सप्टेंबरअखेरपर्यंत सरकार भरणार. सगळाच्या सगळा. आम्ही मधे सोडून दिला तरी आता परत घेता येतो. रॉय डेक्करला त्याचा कागद आलासुद्धा. रॉयला! निरोपाचा तुझा केक ज्याने नाकारला, 'काढताय तर काढतोय म्हणा' असं मालकांना तोंडावर सांगून जो टोपी घालून चालता झाला, त्याला. अख्खं गाव त्याला नावं ठेवत होतं आणि त्यात मी सगळ्यात पुढे होते. त्या रॉयला कागद आला आणि डर्कला नाही, कारण तुमच्या दप्तरात डर्कने नोकरी स्वखुशीने सोडली आहे.

स्वखुशीने! तू तिथे सुरी घेऊन उभी होतीस. चर्चेस बंद पडली, कारखान्यातली बाकं कुणाला नकोत, हे आम्हालाही कळत होतं. पण बाउकेमांच्या कारखान्यातून कधी कुणाला 'काढत' नाहीत ना! आदल्या दिवशी मालक खोलीत बोलावतात, माणसाबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवणघरात लिंबाचं सारण भरलेला तुझा पांढरा केक, वर निळ्या अक्षरांत 'शुभेच्छा, डर्क'. मालक म्हणाले, "डर्कने आता आपला मार्ग निवडला आहे." त्यांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं त्यांच्याकडे घालवलेल्या माझ्या भोळ्या नवऱ्याला त्यांचीच दया आली. तो उठून म्हणाला, "हो, मर्जीनेच जातोय. आता जरा मासे पकडीन." सगळे हसले, मालकांचा जीव भांड्यात पडला. अख्ख्या आयुष्यात डर्कने एकदाही गळ टाकलेला नाही.

आपल्यातल्या गोष्टीबद्दल मी इथे लिहिणार नव्हते, पण लिहिते. त्या आधीचे तीन रविवार तू आमच्याकडे जेवलीस. यादी तूच टाइप केली होतीस. तुला माहीत होतं. तू बटाटे घेतलेस, रस्सा पुढे सरकवलास, आणि एक शब्द बोलली नाहीस. डर्कला काढलं ते मी मालकांच्या खाती टाकलं. ते बटाटे तुझ्या खाती आहेत.

पण आत्ता मला भांडायचं नाही. तुमच्या यादीत डर्कचं नाव घाल. एवढंच.

ग्लेन्डा


२९ एप्रिल

श्रीमती आर्ला झायल्स्ट्रा,
कार्यालय व्यवस्थापक,

असंच लिहायचं ना आता? तुझं उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या पाकिटातून. 'आमच्या नोंदीनुसार सदर कर्मचाऱ्याने स्वेच्छेने सेवा सोडली असल्याने...' सदर कर्मचारी! आईच्या दफनाला ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून तू रडलीस तो माणूस सदर कर्मचारी झाला. खाली तुझी सही पूर्ण नावाची. मी ते पत्र तीनदा वाचलं, कुठेतरी कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी लिहिलं असेल म्हणून. पाकीट उजेडात धरून पाहिलं. वेडीच आहे मी.

पाकिटाच्या तळाशी एक पेपरमिंटची गोळी निघाली. लहानपणी प्रवचन लांबलं की तू माझ्या तळहातात सरकवायचीस तसली. हिचा अर्थ काय घ्यायचा? मी ती खाल्ली नाही, टाकलीही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे.

इस्पितळातून तारीख देत नाहीत. विमा नसेल तर आधी मोठी रक्कम भरा, मग बोलू. मी त्या बाईला म्हटलं, अहो, यंत्र वाजतंय! ती म्हणाली, हो ना, म्हणूनच लवकर भरा. तिचा आवाज गोड होता.

आणखी एक गोष्ट, आणि हीच माझी खरी अडचण. डर्कला हे नको आहे. रॉयचा कागद मी त्याच्यासमोर ठेवला तेव्हा त्याने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "हे काढलेल्यांसाठी आहे."

"मग तुला काय केलं?"

"मी चाळीस माणसांसमोर म्हणालो, मर्जीने जातोय. आता सरकारला लिहून देऊ की मला काढलं? मग खोटं मी कधी बोललो, तेव्हा की आता?"

"तेव्हा!" मी ओरडले. "तेव्हा बोललास, बावळटा! मालकांना वाईट वाटू नये म्हणून!"

"मग ते खोटं माझं. त्याची किंमत सरकारने का भरायची?"

गेली छत्तीस वर्षं मी ह्या सरळपणाचं कौतुक करत आले. आता त्याच सरळपणाने तो मरेल आणि थडग्यावर लोक त्याचं कौतुक कोरतील. आज सकाळी यंत्र वाजलं तेव्हा तो वाचायचा थांबलासुद्धा नाही, आवाज थोडा वाढवला फक्त.

मी तुला लिहिते हे त्याला माहीत नाही. माहीत होऊ देऊ नकोस.

ग्लेन्डा


१० मे

आर्ला,

शनिवारी सकाळी गृहभेट झाली. लस घेऊन झाली म्हणून चर्चच्या मंडळीचे वडील आता पुन्हा घरोघर येतात. आमच्या विभागाला कोण आहे ते तुला माहीत आहेच. मिस्टर बाउकेमा आपला जुना निळा कोट घालून आले, सोबत दुसरे एक वडील. मी कॉफी केली, बदामाचं सारण भरलेलं बँकेट कापलं. डर्क दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

नेहमीचे प्रश्न झाले. घरात बायबलवाचन चालू आहे का? मन शांत आहे का? डर्क म्हणाला, "आहे." मी म्हटलं, "अर्धं आहे." मालक हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

आणि आठ वाजले. टीं-टीं-टीं.

मालकांनी आपला फोन चाचपला. दुसऱ्या वडिलांनीही चाचपला. "हे काय वाजतंय?"

"ओव्हन," डर्क म्हणाला. बघ, खोटं बोलता येतं त्याला, दुसऱ्याची सोय होणार असेल तर.

"ओव्हन बंद आहे," मी म्हटलं. "ह्याच्या छातीत वाजतंय. बॅटरी संपत आली."

मग मी सगळं सांगितलं. डर्क माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी पाहुण्यांसमोर त्याचे कपडे उतरवतेय. मालक उठले, त्याच्या खुर्चीमागे गेले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि प्रार्थना केली. काय सुंदर प्रार्थना होती! त्या हृदयासाठी, ज्या हातांनी शेकडो चर्चेसची बाकं घडवली त्या हातांसाठी, माझ्यासाठी. मला रडू आलं आणि रडू आल्याचा इतका संताप आला की मी कपबशा उचलून आत निघून गेले.

ते निघाले तेव्हा मी एप्रनवरच मागून गाडीपर्यंत गेले.

"मिस्टर बाउकेमा, प्रार्थना ऐकली देवाने. आता एक सही करा."

त्यांना लगेच कळलं. म्हणजे विषय कानावर होता. "ग्लेन्डा, हे माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्याच हातात आहे. पैसा सरकारचा. तुमच्या खिशातून एक पैसा जात नाही."

"पैशाचं कोण बोलतंय? आजोबांपासून ह्या कारखान्यातून एकाही माणसाला काढलेलं नाही. दारावरच्या पाटीवर लिहिलंय ते."

"पाटीसाठी माणूस मरू द्यायचा?"

"डर्क स्वतः बोलला, ग्लेन्डा. सगळ्यांनी ऐकलं. त्याला काढलं अशी खोटी सही मी कशी करू? मंडळीचा वडील आहे मी."

आर्ला, ते ढोंग करत नव्हते. मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. त्यांना ते खरंच वाटतं! तुझा केक, निरोपाचं गाणं, टाळ्या, हे सगळं इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आपण माणसं काढतो हे त्यांना ठाऊकच नाही. ढोंगी माणसाशी मी भांडले असते. ह्या माणसाचं काय करू?

गाडीत बसताना म्हणाले, "हे कागद आर्लाच बघते. तिच्याशी बोल." आणि माझ्या हातात पेपरमिंट ठेवून गेले. सगळं गाव मला पेपरमिंट वाटतंय.

तर मी बोलते आहे तुझ्याशी. त्यांनी तुझ्यावर ढकललं, तू नोंदीवर ढकललंस, नोंद डर्कच्या तोंडच्या एका वाक्यावर. आणि यंत्र वाजतंय. मला भीती वाटते. रात्री मी त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते, तो वळला की जागी होते.

ग्लेन्डा


२५ मे

आर्ला,

कालचं सांगते. बसून वाच.

दुपारी डर्क अंगणातलं गवत कापत होता. मी खिडकीत भांडी पुसत होते. गवत कापायच्या यंत्राचा आवाज चालू होता आणि डर्क मात्र दिसेना. धावत गेले तर तो ट्युलिपच्या वाफ्यात पालथा, टोपी बाजूला. मी हाका मारत होते. मी काय ओरडत होते मला आठवत नाही, रॉयला ते दोन घरं पलीकडे ऐकू गेलं. मग माझ्या डोळ्यांसमोर डर्कचं अंग एकदा उडालं, कुणी आतून लाथ मारावी तसं. छातीतल्या यंत्राने झटका दिला. तो खोकला, डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"अँब्युलन्स नको. बिल येईल."

रॉयने त्याला उचलून पायरीवर बसवलं आणि गवत कापायचं यंत्र बंद करून घरी गेला. छातीतल्या यंत्राने ह्या वेळी वाचवलं. पण दर झटक्याला बॅटरी आणखी खाली जाते. डॉक्टरांच्या नर्सने फोनवर सांगितलं, आता तीन महिन्यांचं काही धरून चालू नका.

पायरीवर बसल्या बसल्या मी त्याला सगळं ओकून टाकलं. तुला पत्रं लिहिली, तुझं उत्तर, मालकांची गाडी. म्हटलं, सख्खी बहीण एका सहीसाठी अडून बसलीय, तीन रविवार माझ्या टेबलावर जेवली तेव्हाही अशीच गप्प होती.

त्याने बुटांवरचं गवत झटकलं. मग म्हणाला, "ती गप्प नव्हती."

"म्हणजे?"

"पहिल्याच रविवारी तिने मला सांगितलं. तू आत बटाटे कुस्करत होतीस. ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, डर्क, यादीत तुझं नाव आहे. हिवाळ्याची सोय बघ. आणि मालक सांगतील तेव्हा आधी काही माहीत नव्हतं असं दाखव, नाहीतर मी गेले."

"आणि मला?"

"तुला सांगायचं नाही म्हणून मीच शपथ घातली तिला. तू सोमवारी सकाळी जाऊन मालकांचं टेबल उलटं केलं असतंस."

केलंच असतं! पण सात महिने, आर्ला? सात महिने तू चर्चमध्ये खांबामागच्या बाकावर एकटी बसलीस, मी तुझ्यासमोरून मान वळवून गेले, बाजारात तू दिसलीस तर दुसऱ्या रांगेत शिरले, आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की अगं, मी सांगितलं होतं! एका शपथेसाठी? डर्क आणि तू, दोघंही एकाच लाकडाची आहात. मला तुम्हा दोघांना एकमेकांवर आपटावंसं वाटतंय. आणि मग मिठी मारावीशी वाटते. माफी मला नीट मागता येत नाही, आईलाही येत नव्हती. मागितली असं समज.

आता पुढचं नीट वाच. गेल्या आठवड्यात सरकारने ह्या मदतीचा खुलासा काढला आहे. रॉयने मला दाखवला. त्यात म्हटलंय, एखाद्याने राजीनामा दिला तरी, मालक त्याला काढणारच होता आणि हे त्याला आधी माहीत होतं म्हणून त्याने दिला असेल, तर त्याला काढलेलाच धरायचं. प्रश्न एवढाच, डर्कला आधी माहीत होतं का? होतं. कुणी सांगितलं? तू.

ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी बोलणं टाकलं, नेमकी तीच आता डर्कला वाचवू शकते.

हे मी डर्कला वाचून दाखवलं. मला वाटलं पुन्हा खऱ्याखोट्याचा काथ्याकूट सुरू होईल. तो म्हणाला, "मला माहीत होतं, हे तर खरंच आहे. ते लिहायला माझी ना नाही." आणि त्याच दमात, "पण आर्लाला सांगू नकोस. ती एकटी आहे. नोकरी जाईल तिची."

जाईल, मला कळतं. तू लिहून दिलंस की मी ह्या माणसाला तीन आठवडे आधी सांगितलं होतं, तर ऑफिसातली बातमी तूच बाहेर नेलीस हे मालकांना तुझ्याच सहीने कळणार. सव्वीस वर्षांची तुझी खुर्ची आहे ती. तुला नवरा नाही, पाठीशी कुणी नाही, आणि होती ती बहीण खांबाच्या पलीकडे बसून होती. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क उरलेला नाही.

खूप वेळ मी पेन खाली ठेवून बसले. तू तुझं बघ, असं लिहायचं होतं. चांगल्या बायका तसंच लिहितात. पण मी त्याला मातीत पालथा पडलेला पाहिलाय, आर्ला. मी मागते. लिहून दे.

ग्लेन्डा


१२ जून

आर्ला,

परवा संध्याकाळी तुझ्या दारावर थापा मारून आले. शेजारीण म्हणाली, तू उत्तरेला मावशीच्या घरी गेलीस, सरोवरावर. फोन तिथे लागत नाही. म्हणून पुन्हा तिकीट.

रॉयची बायको अजून कारखान्यात पॅकिंगमध्ये आहे, तिने जेवणघरातलं सगळं सांगितलं. मी तिला चार वेळा सांगायला लावलं. चुकलं असेल तर तू दुरुस्त कर.

तू डर्कच्या कागदावर सही करून तो विमावाल्यांकडे पाठवूनही दिला होतास आणि मगच मालकांसमोर त्याची प्रत ठेवलीस. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. दार लावून घेतलं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या स्कर्टला गुडघ्यांवर धूळ होती, म्हणजे तुझ्याबरोबरही प्रार्थना झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणघरात केक. पण केक करणार कोण? करणारीच चालली! मालक स्वतः दुकानातून घेऊन आले, प्लास्टिकच्या झाकणाचा, गुलाबी फुलांचा. त्यावर नावही नव्हतं. मालक उभे राहिले, म्हणाले, "आपल्या आर्लाने आता थोडी विश्रांती घ्यायचं ठरवलं आहे."

आणि तू म्हणालीस, "नाही, मिस्टर बाउकेमा. मी काही ठरवलं नाही. काल तुम्ही मला काढलंत."

मालक म्हणाले, "आर्ला, इथे नको." तू म्हणालीस, "इथेच. डर्कलाही तुम्हीच काढलंत. यादी मी टाइप केली होती, आणि त्याच्या आधीची सगळी नावंसुद्धा मीच टाइप केली आहेत, प्रत्येकाला मीच केक केला. मला माहीत आहे." मग तू सुरी उचललीस, केकचे एकसारखे तुकडे पाडलेस, म्हणालीस, "खाऊन टाका, वाया घालवू नका," आणि पर्स घेऊन निघालीस. सुरी पुसून खणात ठेवलीस म्हणे आधी.

लहानपणी पाळकांनी नाव विचारलं तरी आईच्या मागे लपायचीस तू! मी इथे स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग खूप रडले. तुझी नोकरी माझ्या एका पत्राने गेली. हे मी कुठल्याही सुंदर वाक्यात बसवणार नाही.

मालकांनी कागद मागे घेतला नाही. घेऊ शकले असते. रॉय म्हणतो वकिलाला घाबरले. मला तसं वाटत नाही. आता चाळीस माणसांनी ऐकलंय, आणि सगळ्यांसमोर बोललं गेलेलं त्यांना मोडता येत नाही. डर्कचं ते एक वाक्य त्यांनी असंच धरून ठेवलं होतं. रविवारी ते चर्चमध्ये आले, पण मंडळीच्या वडिलांच्या बाकावर बसले नाहीत. मागे बसले. मला त्यांचा राग आणायचा होता, पण नीट आला नाही.

विमा परत चालू झाला, एक एप्रिलपासून धरून. इस्पितळातल्या त्याच गोड आवाजाच्या बाईने तारीख दिली. यंत्र अजून वाजतंय. तोपर्यंत त्याला गवताला हात लावू देत नाही, कुंड्यासुद्धा मीच उचलते. तारखेपर्यंत बॅटरीने टिकायला हवं. तू प्रार्थना कर. तुझी ऐकली जाईल असं वाटतं.

ग्लेन्डा


१ जुलै

प्रिय आर्ला,

झालं. छोटीच शस्त्रक्रिया होती, डॉक्टर म्हणाले तशी. जुनं यंत्र काढून नवं बसवलं. डर्कने शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना विचारलं, हे किती वर्षं चालेल? ते म्हणाले, दहा तरी. डर्क म्हणाला, "बराच वेळ आहे मग. मासे पकडायला शिकावं म्हणतो." हा विनोद होता की काय हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज सकाळी न्याहारीनंतर तो वाचत होता. आठला काही मिनिटं होती आणि तो ओळीच्या मधेच थांबला. मीही हातातला कप खाली ठेवला. दोघंही वाट बघत बसलो. घड्याळाचा काटा पुढे गेला. काहीच वाजलं नाही. मग त्याने बोट ठेवलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, मी नुसती त्याच्याकडे बघत होते.

आता तुझं. तुझा कागद आमच्याकडे आला आहे. तू मावशीकडे म्हणून टपालवाल्याने मला विचारलं, मी घेतला. तुलाही काढलंय, सगळ्यांसमोर, तुझ्याच तोंडून, तेव्हा तुझाही हप्ता सरकार भरेल. रॉयने खुणा करून ठेवल्या आहेत, तुला फक्त सही करायची. बियाण्यांच्या दुकानात हिशेब बघायला माणूस हवा आहे. डर्कने तुझं नाव सुचवलंय, आणि तुला आधी विचारायला हवं होतं असं मी त्याला सांगितलंय. खिडकीतली तुझी ती पेपरमिंट मी खाल्ली. इतके दिवस उन्हात राहून मऊ झाली होती.

रविवारी ये. आपल्या जुन्या बाकावर तुझी जागा आहे, मी तिथे पर्स ठेवून बसणार आहे. उपासना झाली की आमच्याकडे. बटाटे तू कुस्कर, मी गॅरेजचं दार उघडं ठेवते, म्हणजे कुणाला कुणाला काही सांगायचं असेल तर मला ऐकू येईल.

केक मी केला आहे. लिंबाचं सारण तुझ्यासारखं जमलं नाही, थोडं पातळ झालं. वर निळ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'आर्लाला कामावरून काढलं.' डर्कने ते चष्मा लावून वाचलं. म्हणाला, "शुभेच्छा नाही लिहिल्यास?"

मी म्हटलं, "खरं लिहिलं, मग जागाच उरली नाही."

तुझी,
ग्लेन्डा